झाकून ठेवू नकोस गं

परवा फोनवर तू आवाज खाली करून विचारलंस, "ताई, एवढी शिकलेली मुलगी अशी कशी गं फसते?" तुझ्या रूममेटचे पैसे कुठल्याशा ‘पार्ट-टाइम टास्क’मध्ये गेले, ती धड जेवत नाहीये आणि घरी तिने चकार शब्द काढलेला नाही, एवढंच मला कळलं. तेवढ्यात खोलीत कुणीतरी आलं आणि तू फोन ठेवलास. त्या रात्री मी तुला एकच आकडा मेसेज केला होता, १९३०. तो फोन तिने अजून केला नसेल, तर हे वाचणं बाजूला ठेव आणि आधी तिच्या शेजारी बसून तो लावायला लाव. चार दिवस उलटले असले तरी लावायचा. बाकीचं मी इथे सावकाश लिहिते, तिलाही वाचायला दे.

तुझ्या प्रश्नातली एक टोचणी मला आधी काढून टाकायची आहे. ‘शिकलेली असून फसली’ असं म्हणताना आपण फसलेल्या माणसालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. वर्धमान या मोठ्या वस्त्रोद्योग समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांची गोष्ट तू वाचली असशील. पद्मभूषण मिळालेला, सारा जन्म व्यवहारात गेलेला माणूस. २०२४ मध्ये सीबीआयचे अधिकारी म्हणवणाऱ्या टोळीने त्यांना व्हिडिओ कॉलवर अडकवलं, पडद्यावर खोटं सर्वोच्च न्यायालय उभं केलं, सरन्यायाधीशांचं सोंग घेऊन माणूस बसवला आणि सात कोटी रुपये काढून घेतले. पुढचा भाग मात्र लोक सांगत नाहीत. ते पोलिसांकडे गेले, आणि त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळवले. ऐंशी ओलांडलेला उद्योगपती चारचौघांत ‘मी फसलो’ म्हणू शकतो, मग तुझ्या मैत्रिणीने बाथरूममध्ये नळ सोडून का रडायचं?

तिचं कसं झालं असेल ते तू न सांगताही मला बऱ्यापैकी दिसतंय, कारण या ‘पार्ट-टाइम टास्क’चा साचा ठरलेला असतो. अनोळखी नंबरवरून गोड भाषेत मेसेज येतो: घरबसल्या काम, हॉटेलांना रिव्ह्यू द्यायचे, व्हिडिओ लाइक करायचे. पहिल्या दिवशी खरोखरच शे-दीडशे रुपये खात्यात येतात. तिथेच मनातली शंका विरघळते, कारण पैसे डोळ्यांनी दिसले. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात. तिथे रोज कुणी ना कुणी ‘आज बारा हजार मिळाले’ म्हणून स्क्रीनशॉट टाकतं. तो ग्रुप बहुतेक त्यांच्याच माणसांनी भरलेला असतो. पुढे ‘प्रीपेड टास्क’ येतो: हजार भरा, तेराशे घ्या. तेराशे मिळतात. पाच हजार भरले की मात्र ते एका वेबसाइटवरच्या खात्यात दिसू लागतात, हातात येत नाहीत. आकडा वाढत जातो, आणि काढायला गेलं की ‘तुमच्या चुकीमुळे टास्क अडकला, अजून वीस हजार भरा’, ‘टॅक्स भरा’, ‘खातं अनफ्रीझ करायला भरा’.

या टप्प्यावर माणूस आधी गेलेले वाचवायला पैसे भरत असतो. तो मैत्रिणींकडून उसने घेतो, एफडी मोडतो, आणि घरी काहीतरी वेगळंच सांगतो. लपवालपवी सुरू होते ती इथून.

मला या साऱ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट ऐक. फसवणुकीचे प्रकार शंभर असतील, पण जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य येतंच: कुणाला सांगू नका. टास्कवाले म्हणतात, ग्रुपमधली माहिती गोपनीय आहे. व्हिडिओ कॉलवर खोटी अटक दाखवणारे ‘डिजिटल अरेस्ट’वाले म्हणतात, घरच्यांना सांगितलंत तर त्यांनाही अटक होईल. कर्ज देणारी भुरटी अ‍ॅप फोटो अश्लील चित्रांना चिकटवून धमकावतात, आणि मुलगी लाजेने गप्प बसते. दुप्पट परतावा देणारा ओळखीचा माणूस सांगतो, ही स्कीम सगळ्यांसाठी नाही, फक्त जवळच्यांना सांगतोय. एकदा तोंड बंद झालं की त्यांचं काम सोपं होतं, कारण दुसऱ्या माणसाच्या कानावर गोष्ट गेली की निम्म्या वेळा तिथेच मोडते. तुम्ही बोलून दाखवता आणि समोरचा म्हणतो, "काय? पोलीस व्हॉट्सअ‍ॅपवर अटक करतात?" म्हणून ‘कुणाला सांगू नका’ असं कुणी म्हटलं, की लगेच कुणाला तरी सांगायचं. मला सांग, शेजारच्या काकूंना सांग, वॉचमनकाकांना सांग. पण मोठ्याने सांग.

आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पैशाच्या फसवणुकीत ती मूठ झाकायला जाशील तर सव्वा लाखाचे पाच लाख होतील.

आता १९३० बद्दल नीट सांगते, कारण तिथे फोन लावून काय बोलायचं हे न कळल्यानेच कितीतरी जणी फोन ठेवून देतात. ही केंद्र सरकारच्या गृह मंत्रालयाची सायबर आर्थिक फसवणुकीची हेल्पलाइन आहे. फोन लावायच्या आधी समोर कागद घ्यायचा आणि त्यावर उतरवून ठेवायचं: तुझा मोबाइल नंबर, ज्या खात्यातून पैसे गेले त्या बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआय असेल तर अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर टिचकी मारली की बारा आकड्यांचा यूटीआर दिसतो, तो लिहून घ्यायचा. समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांकही. पलीकडचा माणूस हेच विचारतो. तिने कसा विश्वास ठेवला, का ठेवला, ही कहाणी तिथे सांगावी लागत नाही, हे तिला मुद्दाम सांग. त्या भीतीनेच तिचा हात अडत असेल.

तक्रार नोंदली की ती त्यांच्या यंत्रणेतून थेट बँकेकडे जाते. चोराच्या खात्यात पैसे अजून असतील तर ते तिथेच रोखून धरता येतात. पुढच्या खात्यात गेले असतील तर तक्रार त्या पुढच्या बँकेकडे सरकते. चोरही बसून राहत नाहीत. एका खात्यातून चार खात्यांत, तिथून एटीएममधून रोख, असे पैसे पांगतात. म्हणून पहिल्या तासाला एवढं महत्त्व. आधी फोन, मग रडणं, मग आपण काय काय चुकलो त्याची उजळणी. फोन लागत नसेल तर ताटकळत बसू नये, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर थेट तक्रार टाकता येते. फोनवर नोंदवली असेल तरी मिळालेला तक्रार क्रमांक घेऊन २४ तासांच्या आत पोर्टलवर ती पूर्ण करायची असते. हे राहून जातं, आणि मग लोक म्हणतात, फोन केला होता पण काही झालं नाही.

दुसऱ्या हाताने बँकेला कळवायचं. नंबर कार्डाच्या मागे असतो, पासबुकावर असतो, बँकेच्या अ‍ॅपमध्ये असतो. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिला दिसेल तो नंबर लावायचा नाही, कारण चोरांनी तिथेही आपले नंबर पेरून ठेवलेत. एका फसवणुकीतून सुटायला धावलेला माणूस दुसऱ्या चोराच्या हातात जातो तो असा. बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात, रिझर्व्ह बँकेने तसं करायला लावलंय. पत्ता वाचताना नजर शेवटाकडे ठेवावी. सुरुवातीला बँकेचं नाव काय, कुणीही टाकू शकतं.

बँकेकडून पैसे मिळतील का, हे तुझ्या मैत्रिणीला खरं खरं सांगायला हवं. तुझ्या नकळत, तू काहीच न देता खात्यातून पैसे गेले, तर तुझी बाजू भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढून बँकांना बांधून घातलं: चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसानीचा बोजा ग्राहकावर शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच ठेवली. पण ओटीपी किंवा पिन आपणच दिला, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. टास्कसारख्या प्रकारात तर पैसे आपणच आपल्या हाताने पाठवलेले असतात. तिथे बँकेच्या भरपाईवर फार विसंबू नये, तिथे खरी आशा पैसे वाटेत अडवण्याचीच. दोन्हींमध्ये सारखं एकच: कळवल्याची वेळ. म्हणून फोनवर बोलणं झालं तरी ईमेल कर, तक्रार क्रमांक घे, शाखेत अर्ज दिलास तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे. शाखेत "बघतो, मॅडम" म्हणतील. त्यावर उठून यायचं नाही, शिक्का घेऊनच उठायचं.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटेल असं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. एक पैसा लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. कितीतरी बायकांना लोकपाल म्हणजे अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनातला तेवढा माहीत असतो, बँकेसाठी एक वेगळा आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पैसे रोखून धरले म्हणजे लगेच खात्यात परत आले असं नाही, हेही तिला सांगून ठेव. ते सोडवून घ्यायची वेगळी प्रक्रिया असते, पोलीस ठाण्यात खेपा घालाव्या लागतात. आणि या वाट पाहण्याच्या काळात तिला आणखी एक फोन येईल, हे मी आत्ताच सांगते. "मॅडम, तुमचे पैसे परत मिळवून देतो, आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, फक्त प्रोसेसिंग फी भरा." फसलेल्यांचे नंबर या बाजारात विकले जातात. बुडालेल्या पैशांची आस असते, म्हणून हा दुसरा घाव पहिल्यापेक्षा सहज बसतो. पैसे परत देण्यासाठी पोलीस, बँक, न्यायालय कुणीही यूपीआयवर फी मागत नाही.

तिच्या मनाची काळजी वाटत असेल, ती एकटी बसत असेल, नको ते बोलत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये टाक आणि तिला एकटं सोडू नकोस. पैसे मिळतील न मिळतील, ती हवी आहे. आणि घरी सांगायला तिच्याबरोबर तू बस. आईबाप आधी ओरडतील, मग जवळ घेतील. बहुतेक घरांत याच क्रमाने होतं.

आता आपल्या आईबाबांचं. तू सुट्टीला येशील तेव्हा दोघांचे फोन घेऊन अर्धा तास बस. बाबांना ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती वाटते, कारण त्यांनी उभ्या आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही, आणि अशा सरळ माणसावरच हा खेळ चालतो. त्यांना शांतपणे सांग, की आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सगळ्या देशाला सांगितलं होतं. व्हिडिओ कॉलवर कुणी वर्दीत दिसलं, मागे बोधचिन्ह दिसलं, तरी फोन ठेवायचा. ठेवल्याने कुणी उचलून नेत नाही.

आईचं वेगळं आहे. तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येतात, आणि तिला प्रत्येक पत्रिका उघडायचीच असते. तिला एक खूण दाखवून ठेव. फाइलच्या नावाचा शेवट ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नाही. फोटो आणि पीडीएफ नुसते उघडतात. फोन ‘इन्स्टॉल करू का’ असं विचारायला लागला, की ते अ‍ॅप आहे. ते आत शिरलं की तिचे एसएमएस, म्हणजे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याला वाचता येतात. वाहनाच्या ई-चलनाच्या नावाने, बँकेच्या केवायसीच्या नावाने अशाच फाइली फिरतात. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा खोट्या संकेतस्थळांच्या लिंकही गावागावांत पसरल्या. पंधराशे रुपयांवर महिन्याचं गणित बसवणाऱ्या बाईला लुबाडायला निघालेल्या माणसांचा मला मनापासून संताप येतो. आपल्या कामवाल्या मावशींनाही तू हे दाखव. ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ने पत्ता संपत नसेल तर आधार क्रमांक टाकायचा नाही.

‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला’ हा मेसेज तर सगळ्यांना येऊन गेलाय. बिलाची शंका आली तर महावितरणच्या अ‍ॅपमध्ये बघायचं किंवा १९१२ वर विचारायचं, मेसेजमधल्या मोबाइल नंबरवर कधीच नाही. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही, हे आईला तू पाचव्यांदा सांगितलंस तरी चालेल. जुना सोफा विकायला काढला आणि कुणी ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हटलं, की तो चोर.

आईचा कॉल दुसरीकडे वळवला गेला नाहीये ना, तेही बघ. कुरिअरवाला म्हणून बोलणारे लोक एक नंबर डायल करायला लावतात, आणि तिचे फोन, त्यातून येणारे ओटीपी, परस्पर त्यांच्याकडे जायला लागतात. ##००२# डायल केलं की सगळं वळवणं रद्द होतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा तिच्या भाजी-किराण्यापुरती खाली आणून ठेव. पैसे गेले नाहीत, पण संशयाचा फोन आला, तर संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे कळवता येतं. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही त्याच पोर्टलवर दिसतं. एकदा बघून घे, आपण न घेतलेलं एखादं सिम निघू शकतं.

तुझ्या वयाच्या मुलामुलींना अजून एक आमिष दाखवतात, आणि ते मला फार धोक्याचं वाटतं. ‘तुझं खातं आठवडाभर वापरायला दे, येणाऱ्या रकमेवर कमिशन.’ तुझ्या मैत्रिणीचे पैसे कुठल्या तरी अशाच विद्यार्थ्याच्या खात्यातून पुढे गेले असणार. पोलीस माग काढत येतात तेव्हा सूत्रधार सापडतोच असं नाही, खातेदार मात्र नावपत्त्यासकट सापडतो. खातं गोठतं, गुन्ह्यात नाव येतं, नोकरीच्या पडताळणीत अडचण येते. हॉस्टेलमध्ये कुणी विचारलं तर स्पष्ट नाही म्हण, आणि जिला हो म्हणावंसं वाटतंय तिलाही अडव.

दामदुप्पट योजनांचं फार लांबवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या दुकानाबाहेर जमलेली गर्दी तू बातम्यांत पाहिलीस. खड्यांचे दागिने घ्या आणि आठवड्याला परतावा मिळवा, असं आमिष होतं. हातावर पोट असलेल्यांचेही पैसे त्यात अडकले. भिशीतल्या कुणी असं काही सुचवलं तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर त्या संस्थेला ठेवी घ्यायची परवानगी आहे का ते बघायचं. आणि फसवणूक झालीच, तर ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली संस्थेची मालमत्ता जप्त होऊ शकते. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत आपला जबाब आणि कागद नोंदलेले असायला हवेत. नाव नसलेल्याच्या वाट्याला काही येत नाही, म्हणून लाजून घरी बसायचं नाही, रांगेत उभं राहायचं.

मोबाइलबाहेरची फसवणूकही कमी नाही, पण तिला आपण फसवणूक म्हणतच नाही, ‘जाऊ दे’ म्हणतो. सिलिंडर घरी आला की त्यात १४.२ किलो गॅस असायला हवा, रिकाम्या टाकीचं वजन टाकीवर लिहिलेलं असतं, आणि आणणाऱ्याकडे वजनकाटा असायला हवा. मागितलंस तर त्याने वजन करून दाखवायचं असतं. सोन्याचं म्हणशील, तर तुझ्या लग्नाची खरेदी निघेल तेव्हा मी सोबत येणारच आहे. दागिन्यावर बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा, म्हणजे बावीस कॅरेटला ९१६, आणि सहा अक्षरांचा-आकड्यांचा एचयूआयडी, या तीन खुणा भिंगातून बघायच्या. तो एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की दागिना कुठला, किती शुद्ध ते समोर येतं. हे दुकानातच, पैसे देण्याआधी करायचं. सराफ आपल्या कितीही पिढ्यांचा असला तरी करायचं, खरा सराफ रागावत नाही. हॉलमार्क असून सोनं कमी भरलं, तर त्या कमी पडलेल्या शुद्धतेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागायचा हक्क आहे. बिल मात्र पक्कं हवं. ‘बिलाशिवाय घेतलंत तर स्वस्त’ या वाक्यातला स्वस्तपणा म्हणजे आपल्या हक्काची किंमत. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच ठरवली आहे.

आणि आता तुझ्या क्लासचं. दिवाळीत तू सांगितलंस, मी तेव्हा पाहुण्यांच्या गडबडीत होते, पण विसरले नाही. ज्या शिक्षकांचं नाव सांगून फी घेतली ते पहिल्या महिन्यातच सोडून गेले, वर्ग ऑनलाइन झाले, आणि तू पैसे परत मागितलेस तेव्हा पावतीवरचं ‘फी परत मिळणार नाही’ तुला दाखवण्यात आलं. तू गप्प बसलीस. अगं, एक शिक्का मारला म्हणजे कबूल केलेली सेवा न देण्याचा परवाना मिळत नाही. क्लासच्या जाहिरातींसाठीही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम घालून दिलेत: यशस्वी मुलांचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय लावायचे नाहीत, त्यांनी नेमका कोणता कोर्स केला होता ते लिहायचं, निकालाचे खोटे दावे करायचे नाहीत. तुझ्या क्लासचं जाहिरातीचं पत्रक तुझ्याकडे असेल तर त्याचा फोटो काढून ठेव.

आधी १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. ते क्लासला तक्रार कळवतात आणि मध्यस्थी करतात. ते न्यायालय नाही, आदेश देत नाही, तरी पुष्कळ दुकानदार आणि कंपन्या तेवढ्यावर वठणीवर येतात. त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे बाबा म्हणतील, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. त्यांना सांग, ही पायरी मुद्दाम बुटकी बांधलेली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागत नाही, स्वतः बोलता येतं. आणि २०१९ च्या कायद्याने मिळालेली मोठी सोय म्हणजे क्लास कुठलाही असो, तू जिथे राहतेस किंवा नोकरी करतेस तिथल्या आयोगात तक्रार करता येते. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. निकाल लगेच लागतो असं मी म्हणणार नाही, तारखा पडतात. पण आयोगाची नोटीस हातात पडली की पावतीवरच्या शिक्क्याचा जोर बराच उतरतो.

वकील हवाच वाटला, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नंबर १५१००. तुझ्या मैत्रिणीलाही तो उपयोगी पडेल. मुंबईत तर ग्राहक पंचायत आहे. १९७५ पासून आपल्यासारख्याच मध्यमवर्गी घरांनी एकत्र येऊन चालवलेली, किराणा एकत्र विकत घेण्यापासून ग्राहकांच्या तक्रारींपर्यंत कामं करणारी. अशा ठिकाणी बसलेल्या काकू-काकांना कुठला कागद कुठे लावायचा हे तोंडपाठ असतं.

पण आयोगाआधी क्लासला एक लेखी नोटीस दे. साध्या मराठीत, एका पानात: कोणत्या तारखेला किती रुपये भरले, काय देण्याचं कबूल केलं होतं, त्यातलं काय दिलं नाही, पैसे परत कधी मागितले आणि काय उत्तर मिळालं, आणि पंधरा दिवसांत रक्कम परत न केल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन. ‘तुम्हाला लाज वाटली पाहिजे’ वगैरे काही नको, ते मी खोडून टाकेन. स्पीड पोस्टाने पाठव, पोचपावती जपून ठेव, आणि तीच नोटीस ईमेलनेही पाठव. कच्चा मसुदा रविवारपर्यंत मला व्हॉट्सअ‍ॅप कर. फीची पावती सापडत नसेल तर त्यासाठी अडून बसू नकोस. तू बँकेतून भरली होतीस ना, मग त्या महिन्याचं स्टेटमेंट काढ, त्या नोंदीवर पेनाने खूण कर आणि त्याची प्रत जोड.